पट्टीवाला

जनपद सभा बरखास्त झाली त्या दिवशी धावजी वामनरावांच्या तळपायातला बाभळीचा काटा काढत होता. काटा अर्धं बोट आत गेला होता आणि वरचं कातडं पांढरं होऊन फुगलं होतं. वामनराव बराकीच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. पाय धावजीच्या मांडीवर होता, पण तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसे ते समोर नाल्याकडं बघत होते. काटा कधी रुतला तेही त्यांना कळलं नव्हतं. सकाळी ओट्यावर पाणचट रक्ताचे ठसे उमटलेले दिसले तेव्हा म्हाताऱ्या तानाबाईनं ते दाखवून दिले होते.

धावजीनं चिमटा उकळत्या पाण्यातून काढला, जखम दोन्ही अंगठ्यांनी दाबली, पू निथळू दिला आणि काटा धरून सरळ ओढला. मग औषधाच्या लाल पाण्यानं पाय धुतला, मलम लावलं आणि पट्टी गुंडाळायला घेतली. वैशाखाचं ऊन नऊ वाजताच ओट्यावर चढलं होतं.

तेवढ्यात गावचा कोतवाल नाल्याच्या पलीकडं येऊन उभा राहिला. बराकीपर्यंत तो कधीच येत नसे. तिथूनच त्यानं हाळी देऊन सांगितलं, की आजपासून तालुक्याची जनपद सभा बंद झाली, नवा कायदा लागू झाला, आता जिल्हा परिषद आली. शाळेत मास्तरांनी झेंडा लावला आहे. एवढं सांगून तो आल्या वाटेनं परत गेला.

"शाळा परिषदेची झाली, दवाखाना परिषदेचा झाला," वामनराव म्हणाले. "तू आता कोनाचा मानूस रे, धावजी?"

धावजी पट्टीला गाठ मारत होता. "तुमचा," तो म्हणाला आणि हसला. वामनराव हसले नाहीत.

बराक म्हणजे टिनाच्या छपराच्या चार खोल्या. बोरी अरबपासून तीन कोसांवर, गाव एकीकडं आणि धावजीचा तांडा दुसरीकडं, अशा मधल्या पडीक जागेत नाल्याकाठी ती उभी होती. महारोग झालेल्यांसाठी जनपद सभेनं ती बांधली होती. तिथं पाच माणसं राहत. वामनराव त्यातले शिकलेले. तीस एकराचे धनी होते, गावच्या सोसायटीची दप्तरं लिहीत होते. गालावर चट्टा उठला तशी भावांनी आधी ताट वेगळं केलं, मग शेतात झोपडी घालून दिली, आणि एका पावसाळ्यात बैलगाडीत बसवून इथं आणून सोडलं. तानाबाई दिग्रसकडची. तिची बोटं आत मिटून गेली होती. दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून ती भाकरी थापायची. बाकीचे तिघं फारसं बोलत नसत. त्यातल्या एकाचे डोळे गेले होते.

अकरा वर्षांपूर्वी जनपदच्या डॉक्टरला बोरीहून आपल्या बैलांच्या दमणीत बसवून धावजीनं इथं आणलं होतं. या लोकांच्या पट्ट्या बदलायला माणूस हवा म्हणून डॉक्टर दोन दिवस गावात विचारत फिरले. कुणी पुढं आलं नाही. धावजीचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरलेले. बैलाच्या खांद्याची जखम धुणं, भरून आणणं त्यांच्या हातातलं होतं. माणसाची जखम ती काय वेगळी, असं त्याला वाटलं. डॉक्टरांनी तीन दिवस शिकवलं आणि हजेरीपटावर त्याचं नाव घातलं. नावापुढं लिहिलं, 'पट्टीवाला'.

तांड्यानं त्याला वाळीत टाकलं नाही. फक्त तांड्याच्या मुखियाच्या, नायकाच्या घरी पाणी वरून ओंजळीत मिळू लागलं. लग्नात त्याची पत्रावळ ओळीच्या शेवटी, दोन हात सोडून पडू लागली. त्याची बायको मानीबाई त्याला बराकीतून आल्यावर घरामागं आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. बराकीत घालायचं धोतर-सदरा लिंबाच्या फांदीवर टांगलेला असे आणि तो तोच धुवायचा. अकरा वर्षांत मानीबाईनं त्या कपड्यांना बोट लावलं नव्हतं. तिला दोष देण्यासारखंही काही नव्हतं. मुलगी हंसाबाई सोळा वर्षांची झाली होती. दोन ठिकाणची माणसं दाराशी येऊन, बापाचं काम काय ते ऐकून, गूळपाणीही न घेता परत गेली होती.

दर शनिवारी दवाखान्यातला कंपाउंडर सायकलवर पेटी आणायचा. पेटीत कापूस, पट्ट्या, मलम, पांढऱ्या गोळ्या. महिन्याला ज्वारीचं पोतं यायचं. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी कंपाउंडर आला नाही. दुसऱ्याही आला नाही. धावजीनं जुन्या पट्ट्या उकळून उन्हात वाळवल्या. त्या विरून हातात येऊ लागल्या तेव्हा त्यानं आपल्या धोतराचं एक पान फाडलं. तिसरा शनिवार गेला तसा तो तालुक्याला निघाला.

कचेरी जुनीच होती. दारावरची जुनी पाटी खरवडून रंगारी नवी अक्षरं काढत होता. आत कारकून घनश्याम म्हणून होता, वयानं लहान, सारखा खोकणारा. कामावरच्या लोकांची नवी यादी त्याच्याकडं होती. धावजी आत जाऊ लागला तशी तो कोणत्या कामाचा ते चपराशानं विचारलं आणि त्याला बाहेर व्हरांड्यातच थांबायला सांगितलं. मग बोलणं खिडकीच्या गजांतून झालं.

घनश्यामनं यादी दोनदा चाळली. तो रागावला नाही, हिडीसफिडीसही केली नाही. त्यानं समजावून सांगितलं, की जनपदची सगळी माणसं आता वाटली जाऊन राहिली आहेत. शाळा, दवाखाने, रस्ते परिषदेकडं. महारोगाचं काम सरकारच्या वेगळ्या खात्याकडं, त्यांची यादी वेगळी. दवाखान्याच्या यादीत कंपाउंडर आहे, झाडूवाला आहे, पण पट्टीवाला नाही. कारण पट्ट्या महारोग्यांच्या. महारोगाच्या यादीत पट्टीवाला नाही. कारण माणूस दवाखान्याच्या हजेरीपटावरचा. आणि बराक कुठल्याच यादीत नाही. जागा गावच्या हद्दीतली म्हणून ती ग्रामपंचायतीकडं जाईल असं त्याला वाटत होतं.

"मंग मी कोन्या यादीत बसू?" धावजीनं विचारलं.

घनश्याम खोकत बसला. मग म्हणाला, "हात दाखव."

धावजीनं दोन्ही हात गजांतून आत घातले, आधी पालथे, मग उताणे. घनश्याम जरा मागं सरकून बघत राहिला. दहाही बोटं धड होती. व्हरांड्यात बसलेल्या दोघा-तिघांनीही माना लांब करून पाहिलं. धावजीला उगाचच वाटलं, की आपण बैलबाजारात उभे आहोत.

"अर्ज लिहून आन," घनश्याम म्हणाला. "पन पट्टीवाला लिहू नोको. तो कागद परत येते. पट्टेवाला लिही. आता मुंबईकडची पद्धत आली, चपराश्याले पट्टेवाला म्हनते. यादीत ती जागा हाय. वेलांटीच्या जागी मात्रा, बस. आन संग डॉक्टरचा दाखला जोड, तुले हा रोग नाही म्हनून."

वामनरावांनी हे सगळं ऐकून घेतलं. पाऊस अजून लागला नव्हता, पण ढग भरून यायचे आणि टिनाखाली जीव उकडून निघायचा.

"पट्टेवाला लिवलं त तुही नोकरी वाचते," ते म्हणाले. "पन मंग इथं पट्टीवाला व्हता याचा कागदच राह्यत नाही. उद्या बराकीसाठी मानूस मागाचा असन त कोन्या तोंडानं मागू? ते म्हनतीन, पयलेबी नोयता."

"मंग राहू द्या," धावजी म्हणाला.

"राहू द्या कसं? पोरगी हाय तुह्या घरी. दौत आन."

वामनरावांच्या उजव्या हाताला अंगठा आणि पुढच्या बोटाचं एक पेर उरलं होतं. धावजीनं टाक त्यांच्या तळव्यावर आडवा ठेवला आणि पट्टीचे चार वेढे देऊन बांधला. कागद तानाबाईनं कोपरांनी दाबून धरला. वामनराव खांद्यापासून हात हलवून लिहीत होते. एक ओळ लिहायला त्यांना विडी ओढून व्हावी एवढा वेळ लागत होता, पण अक्षर वळणदार होतं. आपलं काम जिथं लिहायचं तिथं ते थांबलेले धावजीला दिसले. वाचता येत नसलं तरी ते कुठं थांबले हे त्याला कळलं. मग त्यांनी तो शब्द लिहिला आणि टाक दौतीत बुडवला.

त्याच बैठकीत त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. बराकीत पाच माणसं आहेत, औषध आणि धान्य बंद झालं आहे, कुणीतरी सांभाळावं, असा. धावजीनं पहिल्यावर आंगठा उठवला. दुसऱ्यावर वामनरावांनी सही केली.

दाखल्यासाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं होतं. त्याआधीचे आठ दिवस धावजीला जेवण गोड लागलं नाही. शेतात तिफण चालवताना तो मधेच थांबायचा, कोंबडीचं पीस कमरेतून काढायचा आणि डोळे मिटून कोपरावर, पोटरीवर, कानामागं फिरवायचा. कुठं लागतं, कुठं लागत नाही हे बराकीतल्या माणसांचं त्यानं कितीदा पाहिलं होतं. मागून सरकीचे दाणे टाकत येणारी मानीबाई ते बघायची आणि दाणे टाकत राहायची. एकदा मात्र आंघोळीच्या वेळी ती मागं येऊन उभी राहिली आणि उजेडात त्याची पाठ निरखून गेली.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं धावजीला कपडे काढून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी टोचत विचारत गेला. धावजी बोट ठेवून दाखवत गेला. मग डॉक्टरनं पोटरीवर लागलं का म्हणून विचारलं, तर त्याला काही लागलं नव्हतं. तो थिजला. डोळे मिटलेलेच होते. मग डॉक्टर म्हणाला, की तिथं मी टोचलंच नव्हतं, तू खोटं सांगतो का ते पाहत होतो.

दाखला घेऊन तो तांड्यात आला तेव्हा मानीबाईनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो देवाजवळच्या टोपलीत ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला पुढच्या दारानं, आंघोळीआधी घरात येऊ दिलं. बातमी तांडाभर झाली. नायकानं बोलावून तांब्या हातात दिला. पुढच्या पंधरवड्यात दिग्रसजवळच्या तांड्याची माणसं हंसाबाईला बघायला आली. धावजी आता परिषदेत लागणार हे त्यांना कळलं होतं. ती माणसं घरात बसून जेवली. बोलणी दिवाळीनंतर पक्की करायची ठरली.

पाऊस त्या वर्षी सरळ पडला. धावजी पहाटे उठून बराकीत जायचा, नाल्याला पूर असला तर कमरेपर्यंत पाण्यातून, डोक्यावर चुलीची राख आणि चिंध्यांचं गाठोडं घेऊन. मलम संपलं तसं त्यानं करंजीचं तेल आणि लिंबाच्या पाल्याचं पाणी धरलं. गोळ्यांना पर्याय नव्हता. तिथून तो परस्पर शेतात जायचा. मानीबाई आणि हंसाबाई निंदत असायच्या, तो बैलांमागं डवरे धरायचा. चिखलात दिवसभर वाकून पाठ मोडायची. बराकीत जाऊ नका असं मानीबाई म्हणाली नाही. अजून हुकूम आलेला नाही एवढंच ती म्हणायची.

ज्वारी आषाढात संपली. धावजी घरातलं पायलीभर पीठ न्यायचा, पण पाच माणसांना ते कुठवर पुरणार? श्रावणात तानाबाई आणि त्या आंधळ्याला घेऊन आणखी एकजण बोरीच्या बाजाराला भीक मागायला गेले. दुकानदारांनी दुरूनच भाकरीचे तुकडे टाकले. दुसऱ्या बाजाराला लोकांनी त्यांना पुलाजवळच अडवलं. एका भजीवाल्यानं उकळतं तेल टाकीन म्हणून झारा उगारला. तानाबाई पळताना पडली आणि गुडघा फुटून आली. तिला त्याचं दुखणं जाणवत नव्हतं, पण ती दिवसभर रडत होती.

मग सरपंच बबनराव आले. ते नाला ओलांडून आले, हे त्यांचं मोठेपण. छत्री धरून ते अंगणात उभे राहिले. बरोबरच्या माणसानं बराकीची लांबीरुंदी मोजली. जागा आता ग्रामपंचायतीकडं आली आहे, खताचं गोदाम तिथं करायचा ठराव झाला आहे, असं त्यांनी सांगितलं. तुम्हाला उघड्यावर टाकणार नाही, दूर एक संस्था आहे, तिथं दवापाणी, जेवणखाण सगळं होतं, कापूस निघाला की गाडीनं पोचवून देऊ. वामनरावांनी विचारलं, की तिथं आम्हाला घेतील असा काही कागद आहे का. बबनराव म्हणाले कागद नाही, पण घेतील. नाही कशाला म्हणतील? बोलताना त्यांची नजर वामनरावांच्या पायाकडं गेली आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक झाकलं. लगेच त्यांना ओशाळल्यासारखं झालं आणि सोगा त्यांनी खाली सोडला.

काट्याची ती जखम भरलीच नव्हती. पावसात ओल धरून ती टाचेपर्यंत पसरली होती. धावजी धुवायला बसला की आत हाड दिसायचं. बराकीचा अर्ज वामनरावांनी तीनदा लिहिला. उत्तर आलं नाही.

भादवा सरला. एका सकाळी धावजी पट्टी सोडत असताना वामनरावांनी चटईखालून एक लिफाफा काढला आणि दोन तळव्यांत धरून पुढं केला. लिफाफा फोडलेला होता.

"तुहा हुकूम," ते म्हणाले. "महागावकडच्या दवाखान्यात पट्टेवाला. परवा दुपारच्या आत हजर व्हाचं हाय. नाही झाला त जागा गेली."

"परवा?"

"अर्जात पत्ता बराकीचाच देल्ला व्हता. कोतवाल नाल्यापलीकडं दगडाखाली ठेवून गेलता. आठ दिवस झाले." वामनरावांचा आवाज बदलला नाही. "म्या दाबून ठेवला. अजून दोन दिवस दाबला असता त तू इथंच राह्यला असता. तुले कळलंबी नसतं."

धावजीच्या हातात अर्धी सुटलेली पट्टी होती. त्यानं पट्टी सोडली, जखम धुतली, चिमट्यानं मेलेलं मांस काढलं, तेल लावलं. नवी चिंधी घेऊन टाचेपासून घोट्यापर्यंत नेहमीसारखीच गुंडाळली, ना सैल ना घट्ट. वामनराव सारा वेळ त्याच्या तोंडाकडं बघत होते. गाठ मारून झाल्यावर धावजी उठला. तानाबाईला त्यानं चिमटा कुठं ठेवला ते दाखवलं, पाणी किती उकळायचं ते सांगितलं. तिच्या बोटांनी चिमटा धरता येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दिवाळीले येतो," तो म्हणाला.

"हाव," वामनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानीबाई बोरीच्या मोटारस्टँडापर्यंत आली. तिनं त्याला नवं धोतर नेसायला लावलं होतं. कापूस बोंडाला आला होता म्हणून तिला आणि हंसाबाईला मागं राहणं भाग होतं. बस सुटायच्या आधी धावजी म्हणाला, "त्या लोकाईले भाकर—" मानीबाईनं मान वळवली.

दिग्रस, पुसद करत तो वेळेत पोचला. तिथं त्याला खाकी कोट आणि पितळी बिल्ल्याचा पट्टा मिळाला. काम सोपं होतं. दार उघडायचं, कागद इकडून तिकडं न्यायचे, आल्यागेल्याला पाणी द्यायचं. पहिल्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी पाणी मागितलं तेव्हा त्यानं पेला टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागं झाला. साहेब म्हणाले हातात देत जा, फायलीवर सांडतं. मग तो हातात देऊ लागला. मास्तर, सावकार, पाटील, सगळे त्याच्या हातचं पाणी पिऊ लागले. पट्ट्या बांधायचं काम कंपाउंडरचं होतं. एकदा एका बाईचा भाजलेला हात कंपाउंडर फार आवळून बांधत होता. धावजी पुढं झाला तर कंपाउंडरनं त्याला आपल्या जागेवर जायला सांगितलं.

दिवाळीला सुटी मिळाली नाही. चीननं सरहद्दीवर हल्ला केला होता. दवाखान्यात सगळे रेडिओभोवती गोळा व्हायचे आणि रजा बंद झाल्या होत्या. कार्तिक अर्धा उलटल्यावर त्याला दीड दिवस मिळाला.

बोरीला उतरून तो आधी बराकीकडंच गेला. नाल्याचं पाणी घोट्याएवढं झालं होतं. बराकीला नवा चुना दिला होता. दाराला कुलूप होतं आणि खिडकीतून आत बघितलं तर खताची पोती थप्पीनं लावलेली होती. ओटा धुऊन काढलेला होता. तो तिथं थोडा वेळ थांबला, मग तांड्याची वाट सोडून शेताकडं वळला.

वेचणीचे दिवस होते. त्यांच्या धुऱ्याला लागून नायकाचं शेत. तिथं तांड्यातल्या बायकांची रांग लागली होती आणि त्या गात-बोलत वेचत होत्या. बायका आपसात पड धरून आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात वेचायच्या. मानीबाईही त्यांच्यात होती, पण रांगेच्या शेवटी. तिच्या आणि शेजारणीच्या मध्ये दोन पाती, कापसाच्या दोन ओळी, रिकाम्या सोडलेल्या होत्या. धावजीनं दुरून ते पाहिलं आणि त्याचा अर्थ त्याला लगेच लागला. फक्त ते तिच्या वाट्याला का आलं हे कळलं नाही.

तिनं त्याला येताना पाहिलं, पण हात थांबवला नाही. तो जवळ गेला. त्यानं वामनरावांचं विचारलं.

"गेले," ती म्हणाली. "तुमी गेले त्याच्या सोळाव्या दिशी."

मग वेचता वेचता, बोंडावरची नजर न उचलता, तिनं सांगितलं. तो गेल्यावर चार दिवसांनी ती भाकरी ठेवायला म्हणून गेली होती. ओट्यावर ठेवून मागं फिरणार, तर आतून वास आला आणि तानाबाई दारात येऊन नुसती हात जोडून उभी राहिली. वामनरावांच्या पायात किडे पडले होते. ते शुद्धीवर होते. कुणी आलंय हे पाहून त्यांनी पाय चटईखाली ओढायचा प्रयत्न केला.

"मंग?" धावजीनं विचारलं.

"मंग काय. बैलाले करतो तसं केलं. कंदिलातलं मातीचं तेल टाकलं, किडे येचले. लिंबाच्या पान्यानं धुतलं. माह्याजवळ चिंधी नोयती. ओढनी फाडली." तिनं एक बोंड वेचलं. "रोज गेली मी. बारा दिवस."

तांड्यात ते चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं. नायकानं बोलावून विचारलं, तर तिनं लपवलं नाही. तिला विहिरीवर दोर टाकू नको म्हणून सांगण्यात आलं. हंसाबाई तेवढी पाणी आणते. वामनराव गेले तेव्हा त्यांच्या भावांना निरोप धाडला होता. भावांनी सरपण पाठवलं, माणूस पाठवला नाही. मानीबाईनं घरची गाडी जुंपली. उचलायला बराकीतलीच माणसं होती, ज्यांच्या हातांना बोटं नव्हती. तिनं खांद्याखाली धरलं. नाल्याकाठी अग्नी आंधळ्यानं दिला. कापूस निघेपर्यंत थांबायचं बोलणं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पुढच्याच आठवड्यात पंचायतीची गाडी आली आणि उरलेल्या चौघांना घेऊन गेली. संस्थेत त्यांना घेतलं की नाही ते अजून कुणाला कळलेलं नव्हतं. तानाबाई गाडीत बसताना मानीबाईच्या पाया पडली होती.

"दिग्रसवाल्याईनं निरोप पाठवला," मानीबाई म्हणाली. "सोयरिक नाही म्हनते. त्याईचं काय चुकलं? मी असती त मीबी नाहीच म्हनली असती."

"हंसी?"

"रडली चार दिवस. आता बोलत नाही माह्याशी."

बायकांचं गाणं थांबलं होतं. त्या वाकून वेचत होत्या, पण त्यांचे कान इकडंच होते. मानीबाईनं ओटीतला कापूस दाबून जागा केली. ऊन डोक्यावर आलं होतं आणि तिच्या हातांवर बोंडांच्या काट्यांचे बारीक ओरखडे होते, काही ओले, काही वाळलेले.

"रोज इचारत होते," ती म्हणाली. "टायमावर पोचला काय म्हनून. मले काय मालूम. म्या हो म्हनलं. शेवटल्या दिशीबी इचारलं. म्या म्हनलं, पोचले, पाटील, पट्टा भेटला. मंग नाही इचारलं."

धावजीनं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं आणि परत घातलं. हुकूम आठ दिवस दाबून ठेवला होता हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. दुपारी तीनची बस धरायची होती. सकाळी दार उघडायला तो तिथं हवा होता. त्यानं खाकी कोट काढून धुऱ्यावरच्या पळसाखाली ठेवला, वर पट्टा ठेवला.

"तुमी नोका येऊ इकडं," मानीबाई हळूच म्हणाली. "तुमचं पानी चाललं आता. लोकं पाहून राह्यले."

धावजीनं धोतराची ओटी बांधली आणि तिच्या शेजारची रिकामी पात धरली.